सामाईक मालकीचा घरगुती बिअर-संच: वाटणीच्या वेळचे परीक्षण

दोघांनी मिळून विकत घेतलेला आणि बरीच वर्षे सामाईक वापरात असलेला, घरी बिअर बनवण्याचा संपूर्ण संच हा या परीक्षणाचा विषय आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) भरडण्याची छोटी गिरणी, मॅशसाठी, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवण्यासाठी, उष्णता धरून ठेवणारा झाकणाचा डबा, तळाशी नळ असलेले ५० लिटरचे स्टेनलेस स्टीलचे पातेले, उकळलेला द्रव थंड करणारा तांब्याच्या वेटोळ्याचा चिलर, त्याच्या जोडीला प्लेट चिलर आणि पंप, बिअर आंबवण्याची भांडी म्हणजे फर्मेंटर, त्यांत प्लास्टिकच्या बादल्या व काचेची मोठी बरणी, शंकूच्या तळाचा एक स्टीलचा फर्मेंटर, तयार बिअर दाबाखाली साठवण्याचे १९ लिटरचे चार केग, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, तापमान-नियंत्रक जोडलेला आडवा फ्रीझर आणि द्रवाची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरपासून बाटल्यांना झाकणे बसवण्याच्या यंत्रापर्यंतची बारीकसारीक सामग्री एवढे सगळे त्यात येते. माझा भागीदार लवकरच दुसरीकडे राहायला जाणार असल्यामुळे यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन, उघडून आणि तपासून तिचे पुढे काय करायचे हे आम्हाला ठरवावे लागले, आणि त्या तपासणीतून तयार झालेली मते येथे मांडतो आहे. घरी बिअर बनवण्याची मुभा आणि परवान्याचे नियम जागेनुसार बदलतात, त्यामुळे संच कोणाच्या घरी जाणार हे ठरवण्याआधी तिथला कायदा पाहणे ही पहिली पायरी आहे.

"केग चार आहेत, दोन तू घे, दोन मी घेतो, बादल्यांचेही तसेच करू, आणि उरलेल्याची काय ती किंमत ठरवू," असे भागीदाराने पहिल्याच बोलण्यात सुचवले होते. वरवर पाहता यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण हा संच म्हणजे सुट्या वस्तूंचा ढीग नव्हे. एकीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत जाणाऱ्या एका प्रक्रियेचे ते टप्पे आहेत. पातेले एकाकडे आणि चिलर दुसऱ्याकडे गेला, तर कागदावर वाटणी समान होते आणि बिअर मात्र दोघांपैकी कोणालाच बनवता येत नाही. सगळे सामान पाहून झाल्यावर माझे ठाम मत असे झाले की या संचाला वाटणीची एकच नैसर्गिक रेषा आहे, आणि उकळलेला वर्ट, म्हणजे माल्टपासून काढलेला गोड द्रव, जिथे थंड होतो तिथून ती जाते. त्या रेषेच्या अलीकडचे सामान, ज्याला बिअर बनवणारे गरम बाजू म्हणतात, ते वेगळे राहायला गेल्यावरही सामाईक राहू शकते. पलीकडचे, म्हणजे थंड बाजूचे सामान मात्र सामाईक ठेवू नये.

याचे पहिले कारण स्वच्छतेचे आहे. गरम बाजूच्या भांड्यांतून जे काही जाते ते शेवटी पातेल्यात साधारण तासभर उकळते, त्यामुळे अलीकडच्या भांड्याला कुठे थोडा अंश चिकटून राहिला असला तरी बिअर बिघडवणारे जिवाणू आणि रानटी यीस्ट त्या उकळीत टिकत नाहीत. वर्ट २० अंशांच्या आसपास आला की चित्र पूर्ण पालटते. तो गोड, पोषक द्रव यीस्टला जितका मानवतो तितकाच लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस या जिवाणूंनाही मानवतो. पहिला बिअर आंबट करतो, दुसरा तिला आंबटपणासोबत शिळ्या लोण्यासारखा वास देतो. याहून अधिक धोकादायक असतो तो डायास्टॅटिकस हा यीस्टचा प्रकार. नेहमीचे यीस्ट ज्या डेक्स्ट्रिनना (मोठ्या रेणूंच्या शर्करांना) हात लावत नाही ती तो फोडून हळूहळू खात राहतो, त्यामुळे बंद बाटलीतला दाब आठवड्यामागून आठवडे वाढत जातो आणि शेवटी बाटली फुटू शकते. असा पाहुणा फर्मेंटरच्या नळात किंवा नळीत एकदा शिरला की तो कोणाच्या घरून आला हे शोधून काढण्याचा उपाय घरगुती पातळीवर नाही. दोन घरांत फिरणाऱ्या बादलीत बिअर बिघडली तर कारण सापडत नाही आणि संशय मात्र राहतो. मैत्री टिकवायची असेल तर असा प्रसंग येऊच नये अशी व्यवस्था करणे शहाणपणाचे आहे.

दुसरे कारण वेळेचे आहे, आणि माझ्या मते त्याचा विचार पुरेसा होत नाही. गरम बाजूचे सामान एका खेपेला पाच-सहा तास लागते आणि धुऊन ठेवले की महिनाभर रिकामे असते. फर्मेंटर मात्र एकदा भरला की दोन ते तीन आठवडे अडकतो, आणि केग तर रिकामा होईपर्यंत परत येत नाही, मग त्याला महिना लागो की चार महिने. जी वस्तू बहुतेक काळ रिकामी असते तीच दोघांत नीट चालते. जी सतत भरलेली असते तिच्यावर दोघांची मालकी असली तरी प्रत्यक्ष ताबा एकाचाच राहतो, आणि दुसऱ्याच्या मनात आपल्या वाट्याचे काहीतरी अडकून पडले आहे ही भावना साचत जाते.

आता एकेक वस्तू. पातेले हा या संचातला सर्वांत टिकाऊ भाग ठरला आहे. जाड तळाचे स्टेनलेस स्टीलचे पातेले वर्षानुवर्षांच्या वापरानंतरही फक्त रंगाने थोडे पिवळट होते. आतला करडा, खरखरीत थर म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा बिअर-स्टोन असतो, आणि तो सोडियम परकार्बोनेटसारख्या अल्कधर्मी पावडरीने निघत नाही, त्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लागते. पावडरीने आधी सेंद्रिय थर काढून, भांडे नीट धुऊन, मग आम्ल वापरले तर पातेले पुन्हा नव्यासारखे दिसते. क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र स्टेनलेस स्टीलमध्ये भरून ठेवू नये, कारण त्याने पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते कायमचे असतात. शिवाय ब्लीच आणि आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून दोन्ही एकाच मोरीत एकाच वेळी असता कामा नयेत.

पातेल्याबद्दलची माझी खरी तक्रार त्याच्या नळाबद्दल आहे. तीन भागांचा बॉल व्हॉल्व्ह बाहेरून चकचकीत दिसत होता, उघडझाप सहज होत होती आणि त्यातून गरम पाणी सोडले की ते स्वच्छ बाहेर पडत होते. चार बोल्ट सैल करून मधला भाग बाहेर काढला तेव्हा स्टीलचा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्या यांच्या फटीत तपकिरी, चिकट, वाळलेल्या डिंकासारखा थर बसलेला दिसला. नखाने खरवडला तेव्हा हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, शिळा वास आला. हा दोष वापरणाऱ्याचा कमी आणि रचनेचा अधिक आहे, कारण गोळ्यामागच्या पोकळीत द्रव अडकतो आणि नुसत्या प्रवाहाने तो धुतला जात नाही. थंड झालेला वर्ट याच नळातून फर्मेंटरमध्ये जात असल्यामुळे पातेले गरम बाजूचे असले तरी त्याचा नळ थंड बाजूच्या शिस्तीने सांभाळावा लागतो. सामाईक वापर चालू ठेवायचा असेल तर प्रत्येकाने आपापला व्हॉल्व्ह घ्यावा आणि आपल्या खेपेला तोच जोडावा, असे मी सुचवेन; पातेल्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

गिरणी आणि मॅशचा डबा यांच्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण दोन्ही आपले काम चोख करतात. गिरणीच्या रुळांमधले अंतर १ मिलीमीटरच्या आसपास ठेवले की दाणा फुटतो आणि टरफल बहुतांशी अखंड राहते. त्या टरफलांच्याच थरातून वर्ट गाळला जातो. वाटणीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. माल्टच्या दाण्यांवर लॅक्टोबॅसिलस नैसर्गिकरीत्याच असतो आणि भरडताना उडणाऱ्या धुळीबरोबर तो खोलीभर पसरतो. म्हणून गिरणी ज्याच्याकडे राहील त्याच्या घरी तिची जागा फर्मेंटर आणि केग यांच्यापासून दूर, शक्यतो वेगळ्या खोलीत असली पाहिजे. हे शक्य नसेल तर गिरणी दुसऱ्या भागीदाराकडे ठेवून माल्ट तिथूनच भरडून आणणे बरे. डब्यात मॅश ६५ ते ६७ अंशांवर तासभर ठेवला तर तापमान एक-दोन अंशांहून अधिक उतरत नाही, आणि घरगुती कामाला एवढे पुरते.

दोन चिलर आहेत, आणि वाटणीची रेषा नेमकी त्यांच्या मधून जाते. तांब्याचे वेटोळे उकळीची शेवटची पंधरा मिनिटे पातेल्यात बुडवून ठेवले की ते आपोआप निर्जंतुक होते, त्याच्या आतून फक्त पाणी वाहते, आणि बाहेरचा सगळा पृष्ठभाग डोळ्यांनी पाहता येतो. ते निःशंक सामाईक ठेवावे. प्लेट चिलर वर्ट फार झपाट्याने थंड करतो आणि पाणीही कमी खातो, पण एकमेकींना सांधलेल्या त्याच्या पत्र्यांच्या मधे काय अडकले आहे हे पाहण्याची सोय नाही. हॉप्सचे कण आणि उकळीत साकळलेली प्रथिने तिथे घट्ट बसतात, उलट्या दिशेने पाणी सोडले की काही बाहेर येतात आणि काही येत नाहीत. अशा वस्तूवर दोघांची मालकी ठेवणे म्हणजे न दिसणाऱ्या स्वच्छतेसाठी एकमेकांच्या शब्दावर विसंबणे होय. प्लेट चिलर कोणा एकाने घ्यावा, आणि घेण्यापूर्वी तो गरम अल्कधर्मी द्रावणाने दोन्ही दिशांनी पुन्हापुन्हा धुवावा. बाहेर येणारे पाणी पांढऱ्या कपड्यातून गाळले की आत किती घाण होती याचा अंदाज येतो. पंपाचे डोके मात्र स्क्रू काढून उघडता येते, त्यामुळे तो पातेल्याबरोबर राहायला हरकत नाही.

प्लास्टिकच्या बादल्यांच्या बाबतीत माझा निर्णय स्पष्ट आहे: त्या वाटूच नयेत. बादलीत विजेरी धरून तिरपे पाहिले की घासणीने आणि ढवळण्याच्या चमच्याने पडलेले बारीक चरे दिसतात. त्या चऱ्यांत जिवाणूंचा थर जमतो आणि निर्जंतुक करणारे द्रावण त्याच्या तळापर्यंत नीट पोचत नाही. प्लास्टिकमधून थोडाफार प्राणवायूही आत जातो, आणि आधीच्या खेपांच्या हॉप्सचा वास त्यात मुरलेला असतो. अशी बादली कोणाच्या तरी वाट्याला देऊन तिची किंमत धरणे हे देणाऱ्यालाही शोभत नाही आणि घेणाऱ्याच्याही कामाचे नाही. तिच्यात माल्ट साठवावा किंवा साफसफाईचे द्रावण भरावे, म्हणजे तिचा उपयोग होतो. नळ्या, प्लास्टिकचे नळ, रबरी बुचे, वायुरोधक आणि सायफन यांचेही तेच. ही सगळी सामग्री हिशेबात शून्य धरावी आणि दोघांनी आपापली नवी घ्यावी. यावर वाद घालण्यात जो वेळ जातो त्याची भरपाई या वस्तू कधीच करणार नाहीत.

काचेच्या मोठ्या बरणीला चरे पडत नाहीत, तिच्यातून प्राणवायू जात नाही आणि आत चाललेले किण्वन पाहण्याचा आनंदही मिळतो. तरीही ती मी कोणालाही आग्रहाने देणार नाही. २३ लिटरची भरलेली बरणी पंचवीस किलोच्या वर जाते, ओल्या हातातून ती निसटू शकते, तिच्यात एकदम गरम पाणी ओतले तर ती तडकते, आणि फुटलेल्या जाड काचेने झालेल्या जखमा फार खोल असतात. जो भागीदार ती घेईल त्याने ती चौकटीच्या क्रेटमध्ये ठेवूनच हलवावी, गळ्याला धरून कधीही उचलू नये. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे ती जाऊच नये, असे मला मनापासून वाटते.

स्टीलचा शंकूच्या तळाचा फर्मेंटर ही थंड बाजूची एकमेव अशी वस्तू आहे जिच्यावर दोघांचाही डोळा असतो, आणि ते योग्यच आहे. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर सहजासहजी काही चिकटत नाही, तळाचा गाळ आणि यीस्ट वेगळे काढता येते, सगळे जोड क्लॅम्प सोडून उघडतात. त्याचे दोन भाग होत नाहीत आणि तो आलटून पालटून वापरणे वर सांगितलेल्या दोन्ही कारणांनी गैरसोयीचे आहे. तो एकाकडे जावा आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्याला केगमध्ये झुकते माप मिळावे, हाच त्यातल्या त्यात सरळ मार्ग आहे.

केगची वाटणी वाटते तितकी सोपी नसते. हे कॉर्नेलियस केग मुळात शीतपेयांच्या धंद्यासाठी बनले होते आणि तिथूनच घरगुती बिअरकडे आले. पेप्सीच्या व्यवस्थेत बॉल-लॉक जोडणीचे केग वापरात होते, तर कोका-कोलाच्या व्यवस्थेत पिन-लॉकचे, आणि पिन-लॉकचा केग थोडा बुटका व रुंद असतो. दोन्ही प्रकारांच्या जोडण्या एकमेकांना बसत नाहीत. आमच्या संचात दोन्ही प्रकारचे केग आहेत. चार केगांची दोन-दोन अशी वाटणी करताना प्रत्येकाच्या वाट्याला एकेका प्रकारचा केग आला, तर दोघांनाही दोन्ही प्रकारच्या जोडण्या बाळगाव्या लागतात. म्हणून एकाच प्रकारचे केग एकाकडे आणि त्यांच्या जोडण्याही त्याच्याचकडे असे करावे. वाटणीपूर्वी प्रत्येक केग तपासावा: मोठ्या झाकणाची एक, दोन तोंडांची दोन आणि आतल्या दोन नळ्यांची दोन अशा पाच रबरी कड्या असतात, त्या सगळ्या बदलाव्यात, दाब भरून साबणाचे पाणी लावावे आणि रात्रभर दाब टिकतो का ते पाहावे. झाकणाची कड चेपलेली असली तर कमी दाबावर तो केग गळतो, आणि नवी कडी घातली तरी हे दुखणे बऱ्याचदा जात नाही. असा केग संख्येत पूर्ण धरू नये.

सिलिंडरच्या बाबतीत सर्वांत आधी विचारायचा प्रश्न म्हणजे तो आपला आहे का. गॅस पुरवणारे अनेकदा सिलिंडर भाड्याने किंवा अनामत घेऊन देतात, आणि अनामत भरली म्हणून सिलिंडर आपल्या मालकीचा होत नाही. बिअर कंपनीच्या व्यावसायिक केगांनाही हेच लागू आहे. सामाईक सामानात अशी परकी वस्तू असेल तर ती वाटणीत येत नाही, ती परत करून अनामत निम्मी-निम्मी घ्यावी. आमचा सिलिंडर विकत घेतलेला होता, त्यामुळे त्यात गॅस किती शिल्लक आहे हा प्रश्न आला. रेग्युलेटरवरचा मोठा काटा पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड शिल्लक आहे तोवर २० अंश तापमानाला तो काटा सुमारे ५७ बारवरच उभा असतो, मग सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला असो, आणि द्रव संपला की मात्र तो भराभर खाली येतो. खरे उत्तर वजनकाट्यावर मिळते. रेग्युलेटर काढून सिलिंडर काट्यावर उभा केला. त्याच्या खांद्यावर रंगाखाली दबलेले रिकामे वजन ७.६ किलो असे कोरलेले होते आणि काटा ९.१ दाखवत होता, म्हणजे दीड किलो गॅस शिल्लक. एका केगमधली बिअर कार्बोनेट करून, म्हणजे तिच्यात गॅस विरघळवून, शेवटच्या ग्लासापर्यंत ओतायला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस लागतो, तेव्हा त्यात अजून सात ते दहा केगांचा ऐवज होता. सिलिंडरवर दाब-चाचणीची तारीखही कोरलेली असते. चाचणीची मुदत संपली असेल तर पुरवठादार तो पुन्हा भरून देत नाही, म्हणून अशा सिलिंडरची किंमत धरताना चाचणीचा खर्च वजा करणे न्याय्य आहे. ज्याच्या घरी तो जाईल त्याने तो उभा, साखळीने बांधून, हवा खेळती असलेल्या जागी ठेवावा, कारण बंद खोलीत झालेली गळती जिवावर बेतू शकते.

फ्रीझरबद्दल थोडक्यात सांगतो. तापमान-नियंत्रकामुळे त्यात एल प्रकारची बिअर १८ ते २० अंशांवर आणि लागर प्रकारची १० ते १२ अंशांवर नीट आंबते, आणि बिअरच्या चवीत या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या पातेल्यानेही पडत नाही. पण तो जागा अडवतो, वीज खातो आणि दूरच्या प्रवासात त्याचे नुकसान होण्याची भीती असते. जो घर बदलत नाही त्याच्याकडे तो राहावा आणि जाणाऱ्याने नियंत्रक घ्यावा. फ्रीझर कुठेही मिळतो, आणि नियंत्रक कोणत्याही फ्रीझरला लागतो.

लहान उपकरणांत हायड्रोमीटर एकच असेल तर तो वाटण्याचा विचार न करता दुसरा घ्यावा. जुना अजून बरोबर दाखवतो का हे पाहण्यासाठी २० अंशांच्या ऊर्ध्वपातित पाण्यात तो सोडावा. ज्याची मोजपट्टी त्या तापमानासाठी आखली आहे तो १.००० दाखवतो, आणि तसे होत नसेल तर आतला कागद सरकलेला असण्याची शक्यता असते. याहून मोलाची वस्तू म्हणजे नोंदवही. त्यात पाककृती असतात हे खरे, पण त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे या विशिष्ट पातेल्यात तासाभरात किती लिटर वाफ होऊन जाते, नळाखाली किती द्रव उरतो, मॅशमधून किती टक्के साखर प्रत्यक्षात हाती येते, हे आकडे तिच्यात असतात. नव्या माणसाला हे आकडे जमवायला कित्येक खेपा घालवाव्या लागतात. नोंदवहीची संपूर्ण प्रत दोघांकडे असावी, आणि मूळ वही पातेल्याबरोबर राहावी, कारण ते आकडे त्या पातेल्याचे आहेत.

भागीदार फार दूर जात नसेल तर गरम बाजू सामाईक ठेवण्याची व्यवस्था मी निःसंकोच सुचवेन, मात्र ती लेखी असावी. सामान कोणाकडे राहील, किती दिवस आधी कळवून ते घेता येईल, परत देताना ते कोणत्या अवस्थेत असेल, आणि कोणाच्या हातून काही मोडले तर भरपाई कशी होईल, एवढ्या चार गोष्टी एका पानावर मावतात. "आपल्यात कशाला लिहून ठेवायचे" म्हणून हे टाळले की विषय भिजत घोंगड्यासारखा पडून राहतो आणि सामानही त्याबरोबर गंजत जाते. त्याच पानावर वाटणीची पद्धतही आधीच लिहून ठेवावी, कारण वाटणीची वेळ येते तेव्हा पद्धतीवर एकमत होणे कठीण असते.

गरम बाजू कायमची एकाकडे द्यायची असेल, तर पोलिश गणितज्ञ ब्रोनिस्लाव्ह क्नास्टर यांची बंद लिफाफ्यांची पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. १९४० च्या दशकात ह्यूगो स्टाइनहाउस आणि त्यांचे सहकारी न्याय्य वाटणीचा गणिती अभ्यास करत होते, त्यातून ती पुढे आली. दोघांनी एकमेकांना न सांगता संपूर्ण गरम बाजूचे आपल्या लेखी असलेले मोल कागदावर लिहायचे. समजा एकाने १०० लिहिले आणि दुसऱ्याने ८०. ज्याचा आकडा मोठा त्याला सामान मिळते. दोन्ही आकड्यांची सरासरी ९०, आणि तिचे निम्मे म्हणजे ४५ त्याने दुसऱ्याला द्यायचे. घेणाऱ्याने स्वतःच्या हिशेबाने ५० च्या वाट्याऐवजी ५५ चा लाभ मिळवला, आणि देणाऱ्याला स्वतःच्या हिशेबाने ४० मिळायचे तिथे ४५ मिळाले. दोघांनाही आपल्या अपेक्षेपेक्षा थोडे अधिक मिळते, आणि बाजारभाव काय यावर घासाघीस करावी लागत नाही. यात एकच अट आहे, ती म्हणजे दोघांनी खरा आकडा लिहिणे. सामान आपल्याला नको असतानाही समोरच्याकडून जास्त काढण्यासाठी आकडा फुगवला, तर ते सामान आपल्याच गळ्यात पडण्याची जोखीम असते, आणि हाच या पद्धतीचा अंगभूत लगाम आहे. ही पद्धत मालाची सगळी तपासणी झाल्यानंतरच वापरावी. व्हॉल्व्ह उघडून न पाहता लिहिलेला आकडा अंदाजाचाच राहतो.

दोघांपैकी कोणालाच पुढे बिअर बनवायची नसेल तर गरम बाजू एकत्र विकावी, सुटी करू नये. नव्याने सुरुवात करणाऱ्याला एकमेकांशी जुळलेले पातेले, डबा, चिलर आणि त्यांच्या आकड्यांची वही एका ठिकाणी मिळणे हेच खरे मोलाचे असते. सुटे विकायला काढले की आधी पातेले जाते आणि बाकीचे पडून राहते. केग मात्र सुटे सहज जातात. ज्या फर्मेंटरमध्ये कधी खेप आंबट होऊन बिघडली होती त्याबद्दल घेणाऱ्याला स्पष्ट सांगावे, आणि डायास्टॅटिकसचे यीस्ट मुद्दाम वापरले असेल तर तेही सांगावे, कारण घेणारा त्यात भरलेली बिअर पुढे बाटल्यांत बंद करणार असतो.

राहता राहिली ती आंबत असलेली आणि केगमध्ये तयार असलेली बिअर. घरी बनवण्यास परवानगी असलेल्या बहुतेक ठिकाणीसुद्धा घरची बिअर विकण्यास मनाई असते, म्हणून भरलेला केग विक्रीच्या सामानात कधीही धरू नये. फर्मेंटरमधली खेप मध्येच दोन भांड्यांत ओतून वाटू नये. त्यात प्राणवायू मिसळतो आणि दोघांचीही बिअर बिघडते. दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या हायड्रोमीटरच्या दोन नोंदी सारख्या आल्या की किण्वन थांबले असे समजावे, मग ती खेप दोघांच्या केगांत किंवा बाटल्यांत मोजून भरावी, आणि त्या दिवशी रिकामा झालेला फर्मेंटर ठरलेल्या मालकाने स्वतःच्या हाताने धुऊन घेऊन जावा.